मागच्या गेटची घरं

"मावशी, लागली!" एवढंच ओरडून भाचीने फोन ठेवून दिला. मी आपली हातातलं पीठ सांभाळत विचार करत बसले, काय लागली? नोकरी लागली, की ठेच लागली? दहा मिनिटांनी तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा उलगडा झाला. सोडतीत नंबर लागला होता. पुनावळ्याला दोन खोल्या-किचनचं घर. अठरा लाख ऐंशी हजारांत.

आमचं गाव तालुक्याचं. आमच्याकडे अठरा लाखांत आजही गावाबाहेर बऱ्यापैकी फ्लॅट मिळतो, त्यामुळे शेजारच्या काकूंना त्यात काही विशेष वाटलं नाही. "एवढ्या पैशात इथं अंगणासकट झालं असतं," म्हणाल्या. त्यांना कसं सांगायचं, की त्याच आवारातल्या पुढच्या इमारतीत, याच्याहून थोडंसं मोठं घर साठ लाखांच्या पुढे विकलं गेलंय! मलाही सुरुवातीला खरं वाटलं नव्हतं. जागा तीच, बिल्डर तोच, पाण्याची लाइनसुद्धा तीच. मग एवढा फरक कसा? कुठंतरी फसवणूक तर नाही? आपल्या बायकांचा पहिला विचार हाच असतो, आणि तो असावाही.

म्हणून मी या सगळ्या प्रकरणाच्या मागे लागले. भाचीबरोबर दोनदा पुण्याला गेले, कागद वाचले, चार लोकांना विचारलं. जे समजलं ते तुम्हाला सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींची मुलं-मुली आज पुण्याला, नाशिकला, ठाण्याला भाड्याच्या खोलीत आहेत आणि दर अकरा महिन्यांनी गाठोडं बांधून नवीन घर शोधतायत.

भाचीचंच उदाहरण घ्या. लग्नाला सात वर्षं झाली, त्यात पाच घरं बदलली. एका मालकाला त्यांचं मूल रडतं म्हणून त्रास, दुसऱ्याला मुलाच्या लग्नासाठी जागा रिकामी हवी. जावई चाकणला कंपनीत, ही एका दवाखान्यात रिसेप्शनवर. दोघांचे मिळून महिन्याला बावन्न हजार. त्यातले चौदा हजार भाड्याचे. लेकाची शाळा दोनदा बदलायची वेळ आली, तेव्हा ती माझ्याकडे येऊन रडली होती. "मावशी, मला मोठं नको गं. फक्त कुणी 'खाली करा' म्हणणार नाही एवढं हवंय."

तर ही योजना आहे 'वीस टक्के' योजना. लोक तिला याच नावाने ओळखतात. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१३ मध्ये अधिसूचना काढून ती आणली आणि २०२० मध्ये जी एकत्रित बांधकाम नियमावली झाली, तिच्यातही ती कायम राहिली. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या महापालिकेत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर कुणी प्रकल्प करायला निघालं, तर त्याने ठराविक बांधकामाच्या वीस टक्क्यांएवढी लहान घरं गरीब आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधायची. नुसते प्लॉट पाडून विकायचे असतील, तर वीस टक्के जागेत तीस ते पन्नास मीटरचे छोटे प्लॉट ठेवायचे. चार हजार मीटर म्हणजे आपल्या भाषेत जवळजवळ एक एकर. घरंही तीस ते पन्नास चौरस मीटरची. ही घरं कुणाला द्यायची हे बिल्डरने ठरवायचं नाही. ते म्हाडा सोडत काढून ठरवणार.

किमतीची गोम इथे आहे. या घरांची किंमत सरकारी दरपत्रकातल्या बांधकामाच्या दरावर ठरते, त्यावर ठराविक भर. जमिनीचा बाजारभाव तीत धरायचा नाही. शहरात घर महाग का असतं? विटा-सिमेंट आपल्याकडे आणि पुण्यात काही दुप्पट-चौपट फरकाने मिळत नाहीत. महाग असते ती खालची जमीन. ती वजा झाली की साठ लाखांचं घर अठरा-वीस लाखांवर येतं.

मग बिल्डर एवढा दानशूर कधीपासून झाला, असं माझी बहीण म्हणालीच. दान-बिन काही नाही. या वीस टक्क्यांचं बांधकाम त्याला मंजूर एफएसआयच्या वर जास्तीचं म्हणून मिळतं. म्हणजे त्याच्या स्वतःच्या विक्रीच्या घरांतून काही कापून घेत नाहीत, वर आणखी मजले चढवायची परवानगी देतात आणि म्हणतात, हे गरिबांसाठी बांध. बांधकामाचा खर्च त्याला घर घेणारा देतो. त्याची जमीन वापरली जाते, डोकेदुखी वाढते, पुढच्या इमारतीतल्या गिऱ्हाइकाला मागे 'तसली' घरं आहेत म्हणून नाक मुरडायला जागा मिळते. हा त्याचा वाटा. बाकीचा वाटा तुमचा-आमचा, कारण वाढलेल्या माणसांना पाणी, रस्ता, ड्रेनेज महापालिकेलाच पुरवायचं असतं. मला विचाराल तर सौदा वाईट नाही. सरकारच्या तिजोरीतून घर बांधायला पैसा न काढता शहरात मधोमध लहान माणसाला जागा मिळते. एरवी गरिबांसाठी घरं बांधायची म्हटली की ती गावाच्या पार वेशीबाहेर बांधतात, जिथं बस जात नाही. मग चार वर्षं ती रिकामी पडतात आणि खिडक्या चोरीला जातात.

आणखी एक चांगलं कलम नियमात आहे. या लहान घरांना भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय उरलेल्या प्रकल्पाला ते द्यायचं नाही. म्हणजे आधी पंगतीतल्या लेकरांना वाढा, मग स्वतः बसा.

पण नियम आला की पळवाट आलीच. चार हजार मीटरची अट आहे ना, मग जमिनीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा त्याच्या किंचित खाली ठेवायचा, की वीस टक्के द्यायलाच नकोत! हे अनेक शहरांत झाल्याची ओरड आहे. नाशिक महापालिकेच्या हद्दीतली अशी घरं म्हाडाकडे आलीच नाहीत, या प्रश्नावरून २०२२ मध्ये विधान परिषदेत मोठा गदारोळ झाला होता. ज्यांच्या नावाने घरं बांधायची, ती माणसं तर तिथं बोलायला नसतात. त्यांना आपल्याला काय मिळायचं होतं हेच ठाऊक नसतं.

आणि दहा लाखांच्या अटीचं काय सांगू! २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांवर राहिलं. थोडक्यात हुकलं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे तोच आकडा वर्षानुवर्षं हिशेबात राहिला. माझी एक मैत्रीण सोलापूरला राहते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा बरी आमची लोकसंख्या जास्त असते."

असो. भाचीकडे वळते.

तिने पहिला अर्ज २०२३ मध्ये केला. त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून म्हाडाने सगळी कागदपत्रं आधीच, अर्ज करताना घ्यायला सुरुवात केली होती. पूर्वी नंबर लागल्यावर कागद गोळा करायचे आणि मग वर्षानुवर्षं फाइल फिरायची. आता कागद पक्के नसतील तर सोडतीत नावच जात नाही. ऐकायला छान वाटतं. पण बाईमाणसाचे कागद पक्के असणं म्हणजे काय, ते बाईलाच ठाऊक! आधार कार्डावर सासरचं नाव. पॅन कार्डावर माहेरचं, कारण ते कॉलेजात असताना काढलेलं. अधिवासाचा दाखला, ज्याला सगळे डोमिसाइल म्हणतात, तोही माहेरच्या नावाने. संगणकाला या तीन बायका वाटल्या. त्याने अर्ज घेतलाच नाही.

जावयाचं मात्र जन्मापासून एकच नाव. त्याचा अर्ज पंधरा मिनिटांत भरला. "मग त्याच्याच नावाने करू," असं त्याच्या आईचं म्हणणं. "घराला पुरुषाचं नाव असलं म्हणजे बरं असतं."

खरं सांगते, मीही आधी 'चालेल की' असंच म्हणणार होते. आपल्याला सवयच तशी. पण भाची हटून बसली. तिचं कारण साधं होतं. या पाच घरांचं डिपॉझिट दरवेळी तिच्या दागिन्यांवर उभं राहिलं होतं. दोन पाटल्या आणि लग्नातलं गंठण गहाण पडून पडून झिजलं होतं. "घरासाठी माझं सोनं चालतं, मग नाव का चालत नाही?" असं तिने सासूबाईंना तोंडावर विचारलं. घरात आठ दिवस अबोला. शेवटी जावयानेच मिटवलं. "करू दे तिला. माझ्या नावाने कधी काही लागलंय का? शाळेत लकी ड्रॉमध्ये कंपासपेटीसुद्धा लागली नाही."

मग कागदांची वारी. विवाह नोंदणीचा दाखलाच नव्हता, तो आधी काढला. तो दाखवून पॅन बदललं. मग नवीन नावाने अधिवासाचा दाखला. त्यासाठी ती आमच्या तालुक्याला तीनदा येऊन गेली. एकदा सर्व्हर बंद, एकदा शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव खोडलेलं, एकदा साहेब मीटिंगला. प्रत्येक वेळी तिची एका दिवसाची रजा आणि जायचे-यायचे पैसे. मैत्रिणींनो, तुमच्या घरात लग्न झालेली लेक असेल, सून असेल, तर तिचे हे चार कागद आजच एका पिशवीत घालून पाहा. नावं जुळतात का बघा. जाहिरात आल्यावर धावायला लागलात तर ती मुदत हमखास निघून जाते. पहिली जाहिरात आमचीही तशीच गेली.

उत्पन्नाचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. म्हाडा कुटुंबाचं उत्पन्न मोजते ते फक्त नवरा-बायकोचं. सासऱ्यांची पेन्शन, दिराचा पगार त्यात येत नाही. मे २०२२ मध्ये या मर्यादा बदलल्या. मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत अत्यल्प गट आणि नऊ लाखांपर्यंत अल्प गट असं ठरलं. बाकीच्या भागात तेच आकडे साडेचार आणि साडेसात लाख. त्याआधी अल्प गटाची मर्यादा महिन्याला पन्नास हजारांची होती. आमच्या जोडप्याचे बावन्न हजार! म्हणजे जुन्या नियमाने दोन हजार रुपयांसाठी ती दोघं मध्यम गटात गेली असती आणि वीस टक्क्यांची ही घरं त्यांना बघायलाही मिळाली नसती. नवीन नियमाने ती अल्प गटात आली. आणि आणखी एक अट, त्या शहराच्या हद्दीत नवरा, बायको किंवा अज्ञान मुलाच्या नावे आधीचं घर नसावं. गावाकडचं वडिलोपार्जित घर आड येईल का, म्हणून आमचे जावई उगीच महिनाभर घाबरून होते. ते सातारा जिल्ह्यात, त्याचा इथं संबंध नव्हता.

दुसरा अर्ज गेला, नंबर लागला नाही. अनामत रक्कम मात्र खात्यात परत आली. तिसऱ्या खेपेला, २०२५ च्या सुरुवातीला, लागला.

या घरांना अर्ज किती पडतात हे बघितलं की नशीबच म्हणायचं. कोकण मंडळाने जुलै २०२५ मध्ये ५,२८५ घरांची जाहिरात काढली, त्यात वीस टक्के योजनेतली घरं फक्त ५६५ होती. आणि सगळ्यांच्या उड्या तिकडेच, कारण ती चांगल्या वस्तीत, चांगल्या बांधकामात असतात. म्हाडाने लांब कुठंतरी बांधलेली घरं मात्र घ्यायला कुणी नसतं, ती पुन्हा पुन्हा जाहिरातीत येत राहतात. यावरून काय ते समजावं. माणसाला नुसतं छप्पर नको असतं, नोकरीच्या आणि शाळेच्या वाटेवरचं छप्पर हवं असतं.

नंबर लागल्यावर पेढे वाटले आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. या योजनेत म्हाडा नावं ठरवून देते, पण पुढचा करार बिल्डरशी करायचा, पैसेही त्यालाच द्यायचे. आम्ही दोघी त्याच्या ऑफिसात गेलो. काचेचं ऑफिस, थंडगार एसी, कॉफीचं मशीन. पुढच्या इमारतीचं गिऱ्हाईक आलं की कॉफी यायची. आम्हाला पाऊण तासाने एका टेबलाशी बसवलं. तिथली मुलगी बोलायला गोड होती. म्हणाली, "मॅडम, घराची किंमत ती आहेच, पण पार्किंगचे तीन लाख वेगळे आणि देखभालीचे दोन वर्षांचे आगाऊ. ते भरले की कराराची तारीख देऊ."

आमच्याकडे एक दुचाकी. तीही जावई कंपनीत नेतात.

भाचीचा चेहरा पडला. तीन लाख म्हणजे तिच्या सहा महिन्यांच्या घरखर्चाहून जास्त. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "ठीक आहे. हे आम्हाला लिहून द्या. पार्किंग घेतल्याशिवाय करार होणार नाही, असं तुमच्या लेटरहेडवर." ती मुलगी आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. लिहून काही मिळालं नाही. "सर नाहीयेत," म्हणाली. मग भाचीने बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून स्वतःच अर्ज लिहिला. काय झालं, कधी झालं, किती मागितले, सगळं तारखेसह. म्हाडाच्या मंजुरीच्या पत्राची प्रत जोडली. पुण्यात आगरकर नगरला गृहनिर्माण भवन आहे, तिथं अर्ज देऊन शिक्का मारून घेतला आणि एक प्रत बिल्डरला पोस्टाने, पोचपावतीसह पाठवली. मी नुसती बाजूला उभी होते. जिला कालपर्यंत बँकेत स्लिप भरायला सोबत लागायची, ती ही पोरगी!

तीन आठवड्यांनी कराराची तारीख आली. पार्किंगचा विषय कुणी काढला नाही. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या चार जणांनी मात्र दीड-दीड लाख भरून टाकले होते, ते नंतर कळलं. नंबर हातचा जाईल या भीतीने. ही भीतीच त्या गोड बोलण्याचं भांडवल असतं. दलाल लोकही तिच्यावरच जगतात. म्हाडाने एकही दलाल नेमलेला नाही, हे ती दर जाहिरातीत छापते, तरी 'माझी वर ओळख आहे' म्हणणारा एकतरी माणूस प्रत्येक गल्लीत भेटतोच.

नावाचा प्रश्न करारावेळी पुन्हा निघाला. सासूबाईंनी आडून आडून सुचवलं, निदान दोघांची नावं तरी घाला. "उद्या भांडण झालं तर माझा मुलगा रस्त्यावर यायचा." मी काही बोलले नाही, पण आपल्यातल्या किती जणी वर्षानुवर्षं नेमक्या याच रस्त्याच्या भीतीने गप्प बसल्या, ते आठवत राहिलं. शेवटी तोडगा निघाला तो मुद्रांक शुल्कामुळे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. एप्रिल २०२१ पासून ती सुरू झाली. आधी त्यात पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली. जोडीला पुरुषाचं नाव आलं की सवलत नाही. अठरा लाख ऐंशी हजारांवर एक टक्का म्हणजे अठरा हजार आठशे. जावयाने कागदावर आकडा लिहून आईपुढे ठेवला. सासूबाईंनी तो दोनदा वाचला. "एवढे वाचतात? मग तिच्याच नावाने करा," म्हणाल्या. स्त्री-पुरुष समानता आमच्या घरात अठरा हजार आठशे रुपयांत आली, असं आमचे हे म्हणतात.

कर्ज पंधरा लाखांचं. हप्ता तेरा हजारांच्या आसपास, म्हणजे भाड्याहून कमीच. उरलेल्या पैशांत बहिणीने थोडे घातले, जावयाचा पीएफ निघाला आणि गंठण या वेळी कायमचं गेलं. "जाऊ दे," भाची म्हणाली, "आता ते भिंतीत आहे."

सगळ्यांनाच या घराचा आनंद झाला असं नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाने पुण्यातच अशाच प्रकल्पात पुढच्या इमारतीत घर घेतलंय. नवरा-बायको दोघं नोकरीला, तीस वर्षांचं कर्ज, पगाराचा अर्धा हिस्सा हप्त्यात. ती माझ्यावरच उखडली. "तुझ्या भाचीला अठरा लाखांत आणि आमच्या पोराने बासष्ट मोजायचे? लिफ्ट सारखी, हवा सारखी. मग त्याने काय पाप केलंय?" तिच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. गटाच्या वर गेलेल्या पण बाजारभाव न पेलणाऱ्या मुलांसाठी या योजनेत काही नाही. पण मी तिला एवढंच विचारलं, की त्या आवारात सकाळी पोळ्या करायला, पाळणाघर चालवायला, दवाखान्यात केसपेपर काढायला माणूस हवा असतो ना? तो रोज कुठून येणार? ती म्हणाली, "ते ठीक आहे गं, पण राग यायचा तो येतोच."

ही युक्ती काही आपल्याकडेच निघालेली नाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या नगररचना कायद्यात कलम १०६ आहे. त्याखाली तिथल्या नगरपालिका बांधकामाला परवानगी देताना बिल्डरकडून स्वस्त घरं लिहून घेतात. २०२१ मध्ये त्यांनी पहिलं घर घेणाऱ्यांसाठी 'फर्स्ट होम्स' योजना आणली. बाजारभावापेक्षा किमान तीस टक्के कमी किंमत आणि अशा स्वस्त घरांतली पंचवीस टक्के तरी या योजनेची. ती सक्ती त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये काढली. पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. घर पुढे विकायचं झालं तर विकणाऱ्याने पुढच्यालाही तेवढीच सूट द्यायची, आणि तोही पहिलं घर घेणाराच हवा. सूट घराला चिकटलेली, माणसाला नाही. आपल्याकडे म्हाडाचं घर पाच वर्षांनी विकायला मोकळीक मिळते आणि अठरा लाखांचं घर बाजारभावाने जातं. ज्याला मिळालं त्याचं भलं झालं, ठीक. पण त्याच्या मागे रांगेत उभा होता तो उभाच. मी हे भाचीला बोलून दाखवलं तर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, पाच वर्षांनी लेकाच्या कॉलेजला पैसे लागले तर मी काय विकू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम लिहिणाऱ्याने काय करावं हे मला सांगता येतं, तिने काय करावं हे नाही.

राज्याचं नवीन गृहनिर्माण धोरण २०२५ मध्ये 'माझे घर, माझा अधिकार' या नावाने मंजूर झालं. त्यात २०३० पर्यंत गरीब आणि अल्प उत्पन्न गटासाठी पस्तीस लाख घरांचं उद्दिष्ट आहे. नाव छान आहे. बघू या.

गेल्या दिवाळीआधी भाचीने दूध ऊतू घालवलं. मी आदल्या रात्रीच गेले होते. रिक्षावाल्याने आम्हाला मोठ्या कमानीच्या गेटपाशी सोडलं. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, कारंजं. वॉचमनने विचारलं, "म्हाडाचे का? मागून जा." मागे गेलो. अर्धा किलोमीटर वळसा, रस्ता अजून कच्चा, आणि लोखंडी फाटक. मध्ये पत्रे ठोकून दोन्ही आवारं वेगळी केलेली. लहान मुलं त्या पत्र्याच्या फटीतून पलीकडचा पोहण्याचा तलाव बघत होती.

घर मात्र लख्ख. चारशे सत्तर स्क्वेअर फूट. ओट्याशी उभं राहिलं की खिडकीतून डोंगर दिसतो. दारावर पाटी तिच्या नावाची, पूर्ण, सासरच्या आडनावासकट. सासूबाईंनीच ती गावाकडून रंगवून आणली होती. लेकाने भिंतीवर पेन्सिलने आपली उंची आखून ठेवली होती. भाड्याच्या घरात त्याला कधी भिंतीला हात लावू दिला नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या तिघी-चौघी जमल्या. एक शिवणकाम करणारी, एक अंगणवाडीतली, एक बसमधली कंडक्टर. आधी चहा झाला, मग बोलणं त्या पत्र्यांवर आलं. देखभालीचे पैसे आपणही भरतो, मग रात्री-अपरात्री कंडक्टरबाईंनी त्या कच्च्या रस्त्याने का यायचं, असा प्रश्न. कुणी म्हणालं, वेगळी सोसायटी नोंदवू. कुणी म्हणालं, वेगळी केली तर पुढचं गेट कायमचंच गेलं, आधी मंजूर नकाशा मागू, त्यात हे पत्रे आहेत का बघू. भाचीने वही काढली, प्रत्येकीचा फ्लॅट नंबर आणि करारातलं क्षेत्रफळ लिहून घेतलं. नकाशाच्या प्रतीसाठी महापालिकेत सोमवारी कोण जाणार, हे ठरत होतं. कंडक्टरबाईंची सोमवारी सुट्टी होती.